शैलजाचे बारा चौकोन

माझ्या सुनेला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. अमेरिकेत मॉरिसव्हिलला मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी समोर आलं की ती हसायची, चार शब्द बोलायची, आणि ती बाई पुढे गेली की माझ्या कानाशी येऊन विचारायची, "आई, या कोण होत्या?" मी सहा महिन्यांची पाहुणी, मला काय ठाऊक? पण गवताचं नाव ती कधी विसरायची नाही. गाडी चालवताना रस्त्याच्या कडेला काही वेगळं डोलताना दिसलं की वेग कमी करायची. तिकडे अमेरिकेत उगीच कुणी भोंगा वाजवत नाही म्हणतात, पण शैलजाच्या मागे असलेले वाजवायचे.

ती मूळची नागपूरची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं ज्युनियर कॉलेजात शिकवत होती. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या ओतूरकडे कांद्यात कुठलं तण जास्त त्रास देतं?" मी चौथी शिकलेली. पंचवीस-तीस वर्षं लोकांच्या कांद्यात आणि टोमॅटोत खुरपायला गेले. शिकलेल्या माणसाने माझ्या कामातलं मला काही विचारावं, असं तोवर कधी झालं नव्हतं. मी सांगितलं, लव्हाळा, आणि त्याच्यावर हरळी. तिने लव्हाळ्याची गाठ जमिनीत किती खोल जाते ते विचारलं. मी बोटं धरून दाखवलं. परत येताना एस.टी.त मी प्रल्हादला म्हटलं, "हीच." म्हणजे तिला या घरात मीच आणली. हे आधी सांगून ठेवते.

सत्त्याण्णव साली दोघं अमेरिकेला गेली. प्रल्हाद कॉम्प्युटरचा इंजिनिअर. ऑफिसात त्याला "प्राल" म्हणतात, आणि तोही ओ देतो. पुढच्या वर्षी रेणू झाली. शैलजा नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली. त्या व्हिसावरच्या बाईने नोकरी करायची नाही, असा तिकडचा कायदा. शिकायला मात्र बंदी नाही. कायदा करणाराला वाटलं असेल, शिकून घरी बसली तर बसेल बिचारी.

दोन हजार एकमध्ये प्रल्हादच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तोही. दोन महिने नोकरी नव्हती. नोकरी गेली की व्हिसाही जातो, मग चंबूगबाळं आवरून परत यायचं. नोकरी मिळाली नंतर, चांगली मिळाली, पण ते दोन महिने त्याच्या अंगातून गेले नाहीत. पोस्टाच्या पेटीत लांब पाकीट दिसलं की त्याचा चेहरा उतरायचा. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल आई असून मुलाची बाजू घेत नाही. घेते. जेवढी घेता येते तेवढी घेते.

मी पहिल्यांदा गेले ती दोन हजार तीनमध्ये. तेव्हा शैलजाने नुकतंच तिथल्या विद्यापीठात नाव घातलं होतं. पदवीसाठी नव्हे. पदवीसाठी तिने आधी अर्ज केला होता, तो परत आला. तुमचं शिक्षण जुनं झालं, अलीकडचं काही काम दाखवा, म्हणाले. पण बाहेरच्या माणसाला एकेक विषय घेऊन वर्गात बसता येतं. पर्यावरणाची आवड असलेल्यांसाठी तिथे असे पुष्कळ विषय होते. मातीचा एक, ओढ्यांचा एक, कचऱ्याचा, पाखरांचा. यांना म्हणतात इलेक्टिव्ह.

"इलेक्टिव्ह म्हणजे काय रे?" मी प्रल्हादला विचारलं.

"ऑप्शनचा विषय. घेतला तर घेतला. मेन डिग्री वेगळी असते."

म्हणजे पानातली डावी बाजू. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. वर्गातली बाकीची मुलं तसंच समजायची. वीस वर्षांची पोरं, सकाळी डोळे चोळत यायची, गुण सोपे मिळतात म्हणून विषय घेतलेला. आणि त्यांच्यात पस्तीस वर्षांची शैलजा, पहिल्या रांगेत, वही उघडून. तिच्या पानात दुसरं काही वाढलेलंच नव्हतं.

पहिला विषय मातीचा. ओट्यावर काचेच्या बरण्या आल्या. बरणीत माती घालायची, पाणी घालून हलवायची, आणि ठेवून द्यायची. खाली वाळू बसते, वर गाळ, त्याच्यावर चिकणमाती. प्रल्हाद सकाळी चहा करायला यायचा आणि म्हणायचा, "साखरेच्या शेजारी हे काय?"

"चिखल," ती म्हणायची. "हलवू नका, दोन दिवस झालेत बसायला."

माझ्यासमोर ती त्याला अहो म्हणायची. मी झोपायला गेले की प्रल्हाद. मला ऐकू यायचं. मला बरंच वाटायचं.

दुसऱ्या विषयात ती गुडघ्याएवढे रबरी बूट घालून ओढ्यात उतरायची, दगड उलटे करून खालचे किडे मोजायची. कुठला किडा सापडला यावरून म्हणे पाणी स्वच्छ की घाण ते कळतं. उन्हाळ्यात त्या पोरांना सरकारी बागेत दोन-दोन महिन्यांची कामं मिळाली, पगारासकट. सगळ्यांत जास्त गुण शैलजाला, पण तिला काम करता येत नाही. ती म्हणाली, मी फुकट करते. प्रल्हाद म्हणाला, "फुकटसुद्धा नको. उद्या कुणी म्हटलं काम केलं, तर ग्रीन कार्डाची फाइल अडकेल. रिस्क कशाला घ्यायची, यार." बायकोला यार म्हणतो हेही मी तेव्हाच ऐकलं. त्या उन्हाळ्यात तिने घरचे पडदे धुतले, सगळे, दोनदा.

मग मी ओतूरला परत आले. फोनवर कळायचं. तिसरा विषय तिने घेतला तो गवताचा. त्या मुलखात गोरे लोक येण्याआधी जे गवत, जी फुलझाडं होती, ती परत कशी आणायची, असा काहीतरी. शिकवणाऱ्या बाई होत्या प्रुइट. त्या साठीच्या, काटक, पुरुषी टोपी घालायच्या. एकाच माणसाने पदवीशिवाय किती विषय घ्यायचे यालाही मर्यादा होती, आणि शैलजाची ती संपत आली होती. प्रुइट बाईंनी तिला सांगितलं, तुझ्या परसात एक तुकडा घे. दोन वर्षं मोज. काय उगवतं, काय मरतं, कुठले किडे येतात, बी किती धरतं. दोन्ही वर्षांची मोजणी पुरी झाली की मी तुझ्यासाठी लिहीन, पदवीच्या अर्जाला तेच तुझं काम. अर्धवट आकड्यांवर मी लिहीत नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तर तिने परसात बारा चौकोन आखले. हातभर नव्हे, चांगले मीटरभर लांब-रुंद. चार कोपऱ्यांत खुंट्या आणि भोवती पांढरी दोरी. सहा चौकोनांत तिकडचं मूळचं बी पेरलं, सहा तसेच सोडले. दर शनिवारी सकाळी ती वही घेऊन बसायची. फोनवर मला म्हणाली, "आई, इथल्या दुकानातली खुरपी काही कामाची नाहीत हो. हात वळत नाही. येताना आपलं एक आणाल?"

दोन हजार सहाच्या जूनमध्ये मी गेले तेव्हा सामानात लाडवांच्या डब्याखाली खुरपं होतं, ओतूरच्या लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेलं. विमानतळावरच्या माणसाने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेर प्रल्हाद न्यायला आला होता, त्याने फोनवर काय सांगितलं कोण जाणे, सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाने मला परसात नेलं. कमरेएवढं गवत झालं होतं. एक झाड आपल्या रुईसारखं, पान तोडलं की दूध येणारं. त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांची अळी बसली होती. शैलजा तिच्याकडे असं बघत होती जसं आपण पाळण्यात बघतो.

"हे सगळं तणच की गं," मी म्हटलं.

"तणच," ती म्हणाली. "पण इथलं आहे. आपण सगळे बाहेरून आलोत, हे इथलंच." मग हसून म्हणाली, "तुम्ही खुरपं आणलं, पण या चौकोनांत नाही लावायचं हं. बाहेरची हरळी आत येते ना, तेवढी कडेची काढायची."

म्हणजे मला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, स्पष्ट, मराठीत.

त्यांच्या वसाहतीची एक असोसिएशन होती. कुणाच्या अंगणात गवत किती वाढावं हे ती ठरवायची. तिची पत्रं यायची. शैलजा पत्राला पत्र लिहायची, विद्यापीठाचा कागद जोडायची, पुढच्या बाजूला गवत कापून ठेवायची, आणि ते महिनाभर गप्प बसायचे. प्रल्हादला मात्र प्रत्येक पाकिटाला धडकी भरायची.

ऑगस्टमध्ये त्याला सांता क्लाराच्या कंपनीने बोलावलं. मोठी जागा, मोठं नाव. घर विकून डिसेंबरात निघायचं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं. शैलजा म्हणाली, "चला, हरकत नाही. ऑक्टोबरची बियांची मोजणी होऊ दे. नोव्हेंबरात मी लिहून देते, बाई पत्र देतील, तिकडच्या विद्यापीठातही तेच पत्र चालतं. फक्त ऑक्टोबर संपेपर्यंत परसाला हात लावायचा नाही."

"घर बघायला लोक सप्टेंबरातच येणार," प्रल्हाद म्हणाला. "घर विकून देणारी रिअल्टर म्हणते मागचं बघून लोक दारातून परत जातील."

"मग ऑक्टोबरात बोलवा."

"सांता क्लाराचे लोक थांबणारेत का तुझ्या गवतासाठी?"

"गवतासाठी नका थांबवू," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबवा."

तो काही बोलला नाही. मला वाटलं, ऐकलं त्याने. आई मुलाच्या गप्प बसण्याचा अर्थ चांगला लावते. ती सवय असते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रुइट बाईंनी वर्गाला समुद्रकाठी नेलं, बुधवार ते शुक्रवार. वाळूवरचं गवत वाळू कशी धरून ठेवतं ते बघायला. लग्न झाल्यापासून शैलजा पहिल्यांदाच एकटी कुठे रात्रीची राहायला गेली. जाताना तिने तीन दिवसांची भाजी करून ठेवली, रेणूचे डबे कसे भरायचे त्याचा कागद फ्रिजवर लावला. गाडीत बसताना इतकी आनंदात होती की सीटबेल्ट लावायची विसरली, परत थांबून लावला.

गुरुवारी सकाळी प्रल्हाद ऑफिसला निघता निघता म्हणाला, "आई, आज काय करणार दिवसभर?"

"काय करणार? टीव्हीतले लोक बोलतात, मी बघते."

"एक काम करशील? मागचं ते गवत. शैलजाचं मोजून झालंय आता. परवाच म्हणत होती, काढायला हवं, वेळच नाही. शनिवारी लोक यायचेत घर बघायला. ती येईपर्यंत साफ दिसलं तर तिलाही बरं वाटेल."

"ऑक्टोबरात मोजायचं होतं ना?"

"लवकर झालं. बाई म्हणाल्या एवढं पुरे."

"आणि दोऱ्या?"

"काढ. सगळंच काढ."

तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. माझ्याकडे बघून बोलला असता तर कदाचित मला कळलं असतं. कदाचित नसतं. तीन महिने मी त्या घरात नुसती बसून होते. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, मी डिशवॉशरचं बटण दाबलं तरी रेणू म्हणायची, "आजी, नॉट दॅट वन." आणि आता मला कुणी काम सांगत होतं, मला येणारं. मी पदर खोचला.

आठ वाजता बसले ते दुपारी दोनपर्यंत. खुरपणारी बाई वरवर काढत नाही. शेतकऱ्याची कारभारीण बांधावर उभी असायची, वरचं तोडून मूळ ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बोलवायची नाही. खुरप्याचं टोक मुळाच्या बाजूने आत घालायचं, मनगट वळवायचं, आणि मुळासकट वर आलं की माती झटकून मागे टाकायचं. लव्हाळ्याची गाठ राहता कामा नये, हरळीची जमिनीत पसरलेली काशी राहता कामा नये. बारा चौकोन मी असे काढले की चाळून घेतल्यासारखी माती झाली. त्या रुईसारख्या झाडाचं मूळ हातभर खोल होतं, जाडजूड, त्यालाही सोडलं नाही. दहा वर्षांनी हात चालला होता, तसाच चालला. मनात म्हणत होते, शैलजा बघेल तर म्हणेल, काय सफाई आहे आईंची.

तीन वाजता रेणू शाळेतून आली. परसाच्या दारात उभी राहिली. आठ वर्षांची पोर.

"मॉम नोज?" तिने विचारलं.

"बाबांनीच सांगितलंय," मी म्हटलं.

ती आत गेली, टीव्ही लावला नाही. ती टीव्ही लावत नाही म्हणजे काय हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

खुंट्या मी धुऊन गॅरेजमध्ये ठेवल्या. दोरीचा नीट गुंडा करून जेवणाच्या टेबलावर ठेवला, परत उपयोगी पडेल म्हणून. उपटलेलं सगळं कागदाच्या मोठ्या पिशव्यांत भरलं. संध्याकाळी प्रल्हाद आला, मागे बघितलं, म्हणाला, "वा." पिशव्या उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या. शुक्रवारी सकाळी पालापाचोळ्याची गाडी येते, ती घेऊन गेली.

शुक्रवारी संध्याकाळी शैलजा आली. उन्हाने लाल झालेली, चपलांत वाळू, हातात रेणूसाठी शिंपले. स्वयंपाकघरात येऊन बॅग ठेवली आणि टेबलावरचा दोरीचा गुंडा बघितला. परसाकडे बघितलंच नाही. त्या गुंड्यावरून तिला सगळं कळलं.

"आई, हे कुणी काढलं?"

"मी. अगं, प्रल्हाद म्हणाला तुझं मोजून झालं. बाई म्हणाल्या एवढं पुरे."

ती खुर्चीवर बसली. शिंपले अजून हातातच होते. मग हळूच म्हणाली, "मुळं कुठे टाकली?"

"गाडी घेऊन गेली सकाळी."

"सगळी?"

मी मान हलवली. तेव्हा तिने जे विचारलं ते मी विसरत नाही. रागाने नव्हे, वर्गात विचारतात तसं. "मशीनने कापलं असतं ना, तर तीन आठवड्यांत परत आलं असतं. मुळं राहिली असती. ऑक्टोबरपर्यंत बी नाही धरलं असतं, पण निदान मोजता आलं असतं काय उगवतंय ते. तुम्ही हाताने काढलंत?"

"हाताने," मी म्हटलं. "एकही नाही राहिलं."

लॉन कापायला एक माणूस यायचा मशीन घेऊन. प्रल्हादने त्याला का नाही सांगितलं? त्याला माहीत होतं का, की मशीन मूळ ठेवतं आणि त्याची आई ठेवत नाही? लहानपणी तो माझ्यामागे खुरपणीच्या पातीत बसून खेळलाय, त्याला माहीत असणारच. का त्याने तेवढा विचारच केला नाही, समोर फुकटचा माणूस होता म्हणून सांगितलं? आजवर मी हे त्याला विचारलेलं नाही. दोन्हींतलं कुठलं उत्तर आलं तरी मला ते घरात ठेवता येणार नाही.

तो आला साडेसात वाजता. शैलजा म्हणाली, "प्रल्हाद, तू आईंना खोटं सांगितलंस." माझ्यासमोर पहिल्यांदा अहो गेलं.

"खोटं काय त्यात? मी म्हटलं जरा नीटनेटकं कर. आईने सगळंच काढलं. तिला कुठे कळतं?"

"मी इथेच बसलेय," मी म्हटलं. "मला ऐकू येतं."

"आई, तू नको बोलूस मध्ये."

"मध्ये मला तूच आणलंस."

तो माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. शैलजाकडे वळून म्हणाला, "दीड वर्षाचे आकडे आहेत ना तुझ्याकडे? एका महिन्याने काय होतं? इलेक्टिव्हच तर आहे, यार. डिग्री थोडीच बुडाली?"

शैलजा उठली, भाजी गरम केली, सगळ्यांना वाढलं. स्वतः जेवली नाही. शनिवारी लोक घर बघायला आले. परसात जाऊन एक बाई म्हणाली, लव्हली. तेवढा शब्द मला येतो.

मंगळवारी शैलजा प्रुइट बाईंकडे निघाली. मी म्हटलं, मीही येते. ती नको म्हणत होती, पण मी चपला घालून गाडीत जाऊन बसले. मला त्या बाईंना सांगायचं होतं. मी रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं.

बाईंची खोली लहान, भिंतीला वाळलेल्या गवतांच्या जुड्या. त्यांनी मला आधी खुर्ची दिली. शैलजा इंग्रजीत बोलली, बाईंनी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. मग मी म्हटलं, "शैलजा, आता माझं सांग त्यांना. जसंच्या तसं सांग." आणि मी बोलले. म्हटलं, बाई, या पोरीची काही चूक नाही. तिने मला हात लावू नका सांगितलं होतं. माझा मुलगा प्रल्हाद मला म्हणाला तिचं काम झालंय, म्हणून मी काढलं. प्रल्हादला घर विकायचं होतं. तुम्हाला कुणावर रागवायचं तर प्रल्हादवर रागवा, पत्र त्याच्या नावाने लिहा, पण हिचं थांबवू नका.

मग शैलजाने बाईंना सांगितलं. मला इंग्रजी येत नाही. पण मी प्रल्हादचं नाव तीनदा घेतलं होतं, आणि नाव कुठल्याही भाषेत तेच राहतं. तिच्या बोलण्यात ते एकदाही आलं नाही. "मदर-इन-लॉ" आलं, ते मला कळतं. आणि "मिस्टेक" आलं.

प्रुइट बाई उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि थोपटला. त्यांनी माझी नखं बघितली, त्यांत अजून माती होती. माफ करतात तसं हसल्या. अडाणी म्हातारी, परदेशातून आलेली, तिला काय कळतंय. मी हात सोडवून घेतला. त्यांना वाटलं मी लाजले.

मग त्या शैलजाशी बराच वेळ बोलल्या. बोलताना त्यांचेही डोळे भरले होते, पण मान 'नाही' अशीच हलत होती. शैलजाने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या वर्षाची बियांची मोजणी नाही म्हणजे अभ्यास पुरा नाही, पत्र देता येत नाही. पुढच्या वसंतात नव्याने सुरू कर, मी थांबते, म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक डिसेंबरात घर जाणार ते. तेही शैलजाने सांगितलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"काय?"

"शैलजा."

तिने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. "सांगून काय झालं असतं, आई? त्या हळहळल्या असत्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या भारतीय बाईने नाव घातलं की त्यांनी आधी विचारलं असतं, नवऱ्याला चालेल ना? आणि मला परत जायचंय ते त्याच घरी. माझा व्हिसासुद्धा त्याच्याच नावाला चिकटलाय."

"मग माझं नाव सांगितलंस."

"तुमचं सांगितलं." ती समोर बघत होती. "तुम्ही ऑक्टोबरात परत जाणार. तुम्हाला इथे कुणी ओळखत नाही."

खरं होतं. मला राग यायला हवा होता, नाही आला. एवढ्या मोठ्या देशात तिच्या हाताशी ढकलण्याजोगं एकच माणूस होतं, ती मी. मी म्हटलं, "बरं केलंस." तेव्हा ती रडली. चांगली रडली, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. बाजूने विद्यापीठाची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन जात होती, हसत, एकमेकांना ढकलत. एकाने खिडकीवर टकटक करून विचारलं, बरी आहेस ना. ती म्हणाली, फाइन.

मी ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरात परत आले. डिसेंबरात ते सांता क्लाराला गेले. घर लव्हली म्हणणाऱ्या बाईनेच घेतलं.

पुढच्या वर्षी व्हिसाचं काहीतरी पुढे सरकलं आणि शैलजाला नोकरीचा परवाना मिळाला. तिकडे आपल्याच लोकांनी काढलेला एक क्लास आहे, दोन महिन्यांत सॉफ्टवेअर तपासायला शिकवतात. कितीतरी बायका तोच करतात, डॉक्टरणीसुद्धा. शैलजाने केला. आता ती एका कंपनीत बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. प्रल्हाद फोनवर अभिमानाने सांगतो, "पहिल्याच वर्षी बोनस मिळाला, आई. मी म्हणत होतो ना, हिच्यात पोटेन्शियल आहे."

मी तिला एकदा विचारलं, नोकरीच्या अर्जात ते विद्यापीठातले विषय लिहिलेस का? माती, ओढा, गवत? ती म्हणाली, "नाही. तिसऱ्याचे गुण त्या मोजणीवरच होते. ती झाली नाही की निकाल वर्षभर अपूर्ण म्हणून ठेवतात, मग आपोआप नापास होतो. तो लागला नापास. एक लिहायचा म्हटलं की तिन्ही दाखवावे लागतात." मग तीच म्हणाली, "कांदा कसाय यंदा?" मी कांद्याचं सांगितलं, पाऊस लांबल्याचं सांगितलं. तण किती आलं ते तिने विचारलं नाही.

यंदा दिवाळीनंतर प्रल्हादने तिकीट पाठवतो म्हटलं. म्हणाला, नवीन घर आहे, मागे मोकळी जागा आहे, तुला करमेल, काहीतरी लावता येईल. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. परवाच शेजारच्या उत्तराच्या कांद्यात दोन पाती खुरपून आले, मजुरी न घेता. उत्तरा म्हणाली, "मावशी, तुमच्यामागे एक काडी राहत नाही." मी म्हटलं, "हो बाई, राहत नाही."